सर्व्हरचा प्रोसेसर की डेस्कटॉपचा? वेग मोजून ठरवण्याची पद्धत

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, जुन्या सर्व्हरमधून काढलेले इंटेलचे झिऑन प्रोसेसर डेस्कटॉपच्या बोर्डावर बसवून विकायला असतात. “चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, तेही सहा कोअरच्या नव्या प्रोसेसरपेक्षा स्वस्त” असे ऐकले की नवखा माणूस लगेच हिशोब मांडतो: कोअर दुपटीहून जास्त, म्हणजे वेगही दुपटीहून जास्त. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र गणक, थ्रेड म्हणजे त्यावर चालणारी कामाची एक धार.) हा हिशोब चुकतो. कधी थोडा, तर कधी इतका की नवीन घेतलेली मशीन जुन्यापेक्षा सुस्त वाटते.

सर्व्हर हा शब्द वेगाचा नाही, भार वाहण्याचा आहे. शेकडो लोकांच्या विनंत्या एकाच वेळी, महिनोन्‌महिने, न चुकता हाताळणे हे त्याचे काम. डेस्कटॉपसमोर बसलेला माणूस एकच असतो, आणि त्याने क्लिक केले की उत्तर तत्काळ हवे असते. म्हणून तुलना सुरू करण्याआधी आपले काम यांपैकी कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे लागते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरणासाठी बाजारात खरोखर समोरासमोर येणारी जोडी घेऊ. एकीकडे २०१६चा इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि दुसरीकडे २०२२चा कोअर आय५-१२४००.

पायरी १: कागदावरचे आकडे नीट वाचा

झिऑनचे आकडे असे: १४ कोअर, २८ थ्रेड, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, कमाल टर्बो ३.३ गिगाहर्ट्झ, कॅशे ३५ एमबी, डीडीआर४-२४०० मेमरीचे चार चॅनेल, पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या ४० लेन, टीडीपी १२० वॅट. टर्बो म्हणजे मूळ वेगापेक्षा वाढवलेला वेग, कॅशे म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी जलद मेमरी, चॅनेल म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, लेन म्हणजे कार्ड आणि डिस्ककडे जाणारी वाट, आणि टीडीपी म्हणजे किती उष्णता काढावी लागेल याचा वॅटमधला आकडा.

आय५चे आकडे: ६ कोअर, १२ थ्रेड, मूळ वेग २.५ आणि कमाल टर्बो ४.४ गिगाहर्ट्झ, कॅशे १८ एमबी, मेमरीचे दोन चॅनेल, मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आणि टर्बोतली ११७ वॅट.

कमाल टर्बोचा आकडा एक-दोन कोअरवर काम असतानाचा असतो. सगळे कोअर कामाला लागले की झिऑन २.९च्या आसपास येतो आणि आय५ ४.०च्या आसपास. जाहिरातीत हा आकडा क्वचितच दिसतो, पण तुलनेसाठी तोच जास्त उपयोगाचा. जड गणिती सूचना, म्हणजे एव्हीएक्स, वापरणारे सॉफ्टवेअर चालवले तर झिऑन यापेक्षाही खाली उतरतो. तो बिघाड नाही. वीज आणि उष्णता मर्यादेत ठेवण्यासाठी तशी रचनाच केलेली आहे.

दुसरे म्हणजे, दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, आणि एका ठोक्यात किती काम होते हे प्रत्येक पिढीगणिक बदलते. इंटेलच्या स्वतःच्या दाव्यानुसार २०१९च्या सनी कोव्ह रचनेत आधीच्या स्कायलेक रचनेपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त काम होत होते, आणि २०२१च्या गोल्डन कोव्हमध्ये त्याच्या आधीच्या पिढीपेक्षा १९ टक्के. दोन्हींचा गुणाकार साधारण १.४ येतो. आपला आय५ गोल्डन कोव्हचा आहे आणि झिऑन स्कायलेकच्याही आधीच्या ब्रॉडवेल पिढीचा, म्हणजे प्रत्यक्ष फरक १.४पेक्षा थोडा जास्तच धरायला हवा.

आता पाटीवर गणित मांडा. एका कोअरचा वेग: ४.४ भागिले ३.३ म्हणजे १.३३, गुणिले १.४, म्हणजे सुमारे १.९ पट. एका कोअरपुरता आय५ जवळजवळ दुप्पट वेगवान आहे. सगळ्या कोअरची बेरीज: झिऑनचे १४ गुणिले २.९, म्हणजे ४०.६. आय५चे ६ गुणिले ४.० गुणिले १.४, म्हणजे ३३.६. एकूण ताकदीत झिऑन पुढे, पण जेमतेम वीस टक्क्यांनी. चौदा विरुद्ध सहा ऐकून वाटते तेवढा फरक कुठेच नाही.

पायरी २: आपले काम किती कोअरमध्ये वाटले जाते ते पाहा

पंगतीला वाढपी कितीही असले तरी आमटी एकाच पातेल्यात शिजते. ती शिजेपर्यंत सगळे वाढपी उभेच. संगणकाच्या कामातही काही भाग असा असतो, जो एकाच कोअरवर क्रमाने चालतो आणि वाटून देता येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला नियम याच भागाबद्दल आहे.

आकडे घालून पाहू. झिऑनच्या एका कोअरवर १०० मिनिटे लागणारे काम घ्या, आणि त्यातले ९० टक्के वाटून देता येते असे धरा. झिऑनवर न वाटता येणाऱ्या भागाला १० मिनिटे लागतील आणि उरलेली ९० मिनिटे चौदा कोअरमध्ये वाटली की ६.४. एकूण १६.४ मिनिटे. आय५चा कोअर १.९ पट वेगवान, म्हणून न वाटता येणारा भाग ५.३ मिनिटांत आणि उरलेला सहा कोअरमध्ये ७.९ मिनिटांत होतो. एकूण १३.२. कोअर निम्म्याहून कमी असूनही आय५ जिंकला.

तेच काम ९९ टक्के वाटता येणारे असेल तर झिऑनला ८.१ आणि आय५ला ९.२ मिनिटे लागतात. आता झिऑन पुढे. सगळा निकाल त्या काही टक्क्यांवर फिरतो, आणि तो आकडा कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो.

तो कळण्याची सोपी वाट आहे. सध्याच्याच संगणकावर नेहमीचे काम सुरू करा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जाऊन आलेखावर उजवी क्लिक करा. तिथे लॉजिकल प्रोसेसर निवडले की प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख दिसतो. पाच मिनिटे पाहा. सगळे आलेख छताला टेकले असतील तर जास्त कोअरचा फायदा होईल. एक-दोनच वर आणि बाकीचे तळाशी असतील तर नवे कोअर नुसते बसून राहतील. लिनक्सवर एचटॉप हा प्रोग्रॅम हेच दाखवतो.

अनुभवाने सांगता येईल अशी विभागणी आहे. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमचे सीपीयू रेंडर, मोठ्या प्रकल्पाचे कंपायलिंग, एकाच वेळी सात-आठ व्हर्च्युअल मशीन, मोठ्या फाइलींचे कॉम्प्रेशन ही कामे वाटली जातात. ब्राउझर, फोटोशॉपमधली बहुतेक कामे, ऑटोकॅडमधले ड्रॉइंग, हिशोबाचे सॉफ्टवेअर आणि बरेचसे गेम एका कोअरच्या वेगावर अवलंबून असतात. व्हिडिओ संपादन मात्र फसवे आहे. आय५-१२४००मध्ये ग्राफिक्स आणि क्विक सिंक (व्हिडिओसाठीचा वेगळा भाग) अंगभूत आहे, त्यामुळे नेहमीच्या फॉरमॅटमधला व्हिडिओ बनवताना कोअरवरचा बराच भार हलका होतो. झिऑनमध्ये ते नाही. नावापुढे एफ असलेल्या १२४००एफमध्येही नाही, तेव्हा घेताना ते अक्षर जरूर पाहा.

पायरी ३: दोन्ही मशीन एका पातळीवर आणा

चाचण्या फसतात त्या बहुतेक इथेच. प्रोसेसरची तुलना करायला निघालेला माणूस प्रत्यक्षात रॅम, पंखा किंवा बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंगची तुलना करून बसतो.

सर्वांत मोठा घोळ मेमरीचा. झिऑनला चार चॅनेल आहेत, म्हणजे रॅमच्या चार काड्या लावल्या तरच त्याला मेमरीतून सेकंदाला ७६.८ जीबी माहिती मिळते. दुकानदार बहुतेक वेळा १६ जीबीची एकच काडी लावून देतो. मग ती १९.२ जीबीवर येते आणि चौदा कोअर उपाशी राहतात. आय५ला डीडीआर४-३२००च्या दोन काड्यांवर ५१.२ जीबी मिळते, आणि डीडीआर५-४८०० लावली तर नेमकी ७६.८, म्हणजे झिऑनच्या चार चॅनेलइतकीच. सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि मेमरीची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून मेमरीच्या टॅबमध्ये चॅनेलची संख्या तपासा. चार काड्या लावूनही चार दिसत नसतील तर बोर्डाच्या पुस्तिकेत कोणते खाचे कोणत्या चॅनेलचे ते पाहून काड्या हलवा.

मेमरीचा प्रकारही पाहावा लागतो. सर्व्हरच्या काड्या बहुधा रजिस्टर्ड, म्हणजे संदेश पुढे पाठवणारी वेगळी चिप असलेल्या, असतात आणि त्या साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाहीत. रजिस्टर्ड आणि साधी मेमरी एकाच बोर्डावर मिसळताही येत नाही. ईसीसी वेगळी गोष्ट आहे: दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्त ठेवून एका बिटाची चूक दुरुस्त करायची आणि दोन बिटांची चूक निदान पकडायची. वेगाशी तिचा संबंध जवळजवळ नाही. पण रात्रभर चालणारे गणित किंवा डेटाबेस सांभाळायचा असेल तर आमच्या मते ईसीसी हे सर्व्हरचा प्रोसेसर घेण्याचे कोअरच्या संख्येपेक्षा चांगले कारण आहे. डीडीआर५च्या चिपमध्ये आतल्या आत होणारी दुरुस्ती म्हणजे ही ईसीसी नव्हे, कारण चिप ते प्रोसेसर या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही.

चाचणीआधी एवढे करा:

१. दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिमची एकच आवृत्ती आणि सगळे अपडेट. जानेवारी २०१८मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींवरची दुरुस्ती जुन्या झिऑनवर सॉफ्टवेअरने केली जाते आणि काही कामांत ती वेग खाते. ती बंद ठेवून मोजलेला आकडा रोजच्या वापराचा नव्हे.

२. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, लिनक्समध्ये गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारे सेटिंग) परफॉर्मन्सवर. सर्व्हर बोर्डाच्या बायोसमध्येही वीजबचतीचे वेगळे प्रोफाइल असते, तेही तपासा.

३. आय५च्या बोर्डावर वीजमर्यादा किती ठेवली आहे ते बायोसमध्ये पाहून लिहून ठेवा. इंटेलच्या मूळ शिफारशीप्रमाणे टर्बोची जास्त मर्यादा साधारण २८ सेकंद टिकते आणि मग प्रोसेसर ६५ वॅटवर येतो. बरेच बोर्ड ही मर्यादा परस्पर उठवतात. म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन बोर्डांवरचे गुण वेगळे दिसतात.

४. अँटिव्हायरसचे स्कॅन, क्लाऊडवर फाइल चढवणारे प्रोग्रॅम बंद. मशीन सुरू झाल्यावर दहा मिनिटे थांबा.

५. खोलीचे तापमान लिहा. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पंख्याखाली घेतलेली चाचणी आणि जानेवारीत घेतलेली चाचणी शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

पायरी ४: चाचण्या

तीन प्रकारच्या चाचण्या पुरतात. चालवताना एचडब्ल्यूइन्फो (मशीनचे मोजमाप दाखवणारा प्रोग्रॅम) उघडे ठेवा आणि कोअरचा वेग, तापमान व वॅट या तीन रकान्यांची नोंद फाइलमध्ये होऊ द्या.

पहिली सिनेबेंच आर२३, म्हणजे चित्र रेंडर करून प्रोसेसरला गुण देणारी चाचणी. एक कोअर आणि सर्व कोअर असे दोन्ही गुण घ्या. सर्व कोअरची चाचणी दहा मिनिटांची ठेवा, एका फेरीची नको. पहिल्या फेरीत हीटसिंक थंड असतो, टर्बोची मुदत संपलेली नसते, आणि त्यामुळे गुण फुगतात. तीन वेळा चालवा आणि मधला आकडा धरा. तिन्हींत तीन टक्क्यांहून जास्त फरक येत असेल तर काहीतरी बिघडले आहे. आधी ते शोधा.

दुसरी सेव्हन-झिपमधली अंगभूत चाचणी, टूल्स मेनूतली बेंचमार्क. सिनेबेंचला मेमरीची फारशी गरज लागत नाही, सेव्हन-झिपला लागते. झिऑन सिनेबेंचमध्ये ठीक आणि इथे मागे पडत असेल तर पहिला संशय मेमरी चॅनेलवर घ्या.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, तुमचे स्वतःचे काम. तोच प्रकल्प, तीच फाइल, घड्याळ लावून. गुणांपेक्षा मिनिटे खरी.

गीकबेंच ही गुण देणारी चाचणीही लोकप्रिय आहे, पण वापरताना दोन गोष्टी सांभाळा. आवृत्ती ५ आणि ६चे गुण एकमेकांशी ताडू नका. आवृत्ती ५मध्ये १००० गुण म्हणजे कोअर आय३-८१००, तर ६मध्ये २५०० गुण म्हणजे कोअर आय७-१२७००. शिवाय आवृत्ती ५ प्रत्येक कोअरला वेगळे काम देत असे, आणि ६मध्ये सगळे कोअर मिळून एकच काम उरकतात. त्यामुळे खूप कोअर असलेले सर्व्हर प्रोसेसर ६मध्ये फिके दिसतात. गीकबेंच ६ तुमच्या टेबलावरच्या वापराबद्दल बरेच सांगते, पण दोनशे ग्राहकांची वेबसाइट चालवणाऱ्या मशीनबद्दल फार थोडे.

सर्व्हर म्हणूनच वापरायचे असेल तर नुसता सरासरी वेग पुरत नाही. हजार विनंत्यांपैकी सर्वांत हळू दहांना किती वेळ लागला, म्हणजे नव्व्याण्णवावा शतांश, हे पाहा. सरासरी सुरेख असूनही दर शंभरातला एक ग्राहक ताटकळतो, हे त्या आकड्याशिवाय दिसत नाही.

दोन सॉकेट असतील तर

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर प्रत्येकाची मेमरी त्याच्या शेजारी असते. एकाने दुसऱ्याच्या मेमरीतून वाचायचे ठरवले तर वाट लांब पडते. यालाच नुमा म्हणतात. म्हणून दोन प्रोसेसर लावले की वेग दुप्पट होतोच असे नाही. उलट दोन्हीकडे धावणारा प्रोग्रॅम कधी एका प्रोसेसरपेक्षा हळू चालतो. विंडोजच्या होम आवृत्तीत दुसरा सॉकेट वापरलाच जात नाही, त्यासाठी प्रो लागते. विंडोज थ्रेडचे गट पाडते आणि एका गटात जास्तीत जास्त ६४ थ्रेड ठेवते. अठरा कोअरचे दोन झिऑन लावले की ७२ थ्रेड होतात आणि काही जुने प्रोग्रॅम त्यांतल्या एकाच गटावर चालतात. चौदाचे दोन लावले तर ५६ होतात आणि ही अडचण येत नाही.

एकाच पिढीतली तुलना

वरची जोडी वेगळ्या काळातली आहे, म्हणून तिच्यात वयाचा फरकही मिसळतो. वय बाजूला ठेवून फक्त सर्व्हर आणि डेस्कटॉपमधला फरक पाहायचा असेल तर एएमडीची २०२२ची जोडी घ्या. डेस्कटॉपचा रायझन ९ ७९५०एक्स आणि सर्व्हरचा एपिक ९६५४ या दोन्हींमध्ये झेन ४ हाच कोअर आहे. रायझनमध्ये आठ कोअरचे दोन तुकडे, एपिकमध्ये बारा. म्हणजे १६ विरुद्ध ९६ कोअर. रायझनचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ, एपिकचा ३.७. टीडीपी १७० विरुद्ध ३६० वॅट. भागाकार करा: रायझनला कोअरमागे साडेदहा वॅट मिळतात, एपिकला पावणेचार. ठोक्यांचा वेग का उतरतो याचे बरेचसे उत्तर इथेच आहे. बदल्यात एपिकला मेमरीचे बारा चॅनेल मिळतात, रायझनला दोनच.

पायरी ५: वीज आणि गुणांचा हिशोब एकत्र करा

टीडीपी म्हणजे वीजबिल नव्हे. प्लग आणि भिंतीवरचे विजेचे सॉकेट यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर घ्या आणि पूर्ण मशीनचे दोन आकडे लिहा, रिकामे असताना आणि पूर्ण भारावर. समजा झिऑनच्या मशीनने २०० वॅट ओढत एका तासात रेंडर संपवले. त्याला ०.२ युनिट लागले. दुसऱ्याने १३० वॅटवर ७० मिनिटे घेतली, म्हणजे सुमारे ०.१५ युनिट. हळू असूनही दर कामामागे दुसरे स्वस्त. दिवसभर चालू राहणाऱ्या मशीनमध्ये रिकामे असतानाचा आकडा जास्त महत्त्वाचा, आणि जुने सर्व्हर बोर्ड तिथेच जास्त खातात. यूपीएसही मोजा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो. दोन झिऑन आणि एक ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर असताना वीज गेली तर तो तत्क्षणी बंद पडू शकतो.

क्लाऊडवरचा सर्व्हर आणि घरचा डेस्कटॉप

भाड्याच्या सर्व्हरवर ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणजे इंटेलच्या बाबतीत बहुधा ४ थ्रेड, अर्थात दोनच कोअर. घरच्या चार कोअरशी त्याची तुलना करू नका. स्वस्त योजनांमध्ये पूर्ण वेग काही वेळच मिळतो आणि त्या वेळेची शिल्लक संपली की मशीन मंदावते. त्यामुळे चाचणी निदान तासभर चालवा, आणि लिनक्सच्या टॉप या प्रोग्रॅममध्ये एसटी हा रकाना पाहा. तो सतत शून्याच्या वर असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ शेजाऱ्याला जातो आहे.

जुना सर्व्हर प्रोसेसर घेताना

झिऑन ई५ व्ही४मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड न लावता स्क्रीन काळी दिसली तर प्रोसेसर खराब समजू नका. सर्व्हर बोर्ड सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, कारण तो सगळी मेमरी तपासतो. तेवढे थांबा. एलजीए २०११-३ सॉकेटला हीटसिंकसाठी दोन प्रकारची छिद्रे येतात, ८० बाय ८० मिलिमीटरची चौरस आणि ५६ बाय ९४ची अरुंद. कूलर घेण्याआधी पट्टीने मोजा. हा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा कामाच्या मशीनवर लिनक्स चालेल का हे खरेदीआधीच ठरवा.

सीपीयू-झेडमध्ये स्पेसिफिकेशनच्या ओळीत ईएस दिसले तर तो विक्रीसाठी नसलेला नमुना आहे आणि त्याचा वेग छापील आकड्यांपेक्षा कमी असू शकतो, तो घेऊ नका. काही सर्व्हर कंपन्यांच्या बोर्डात वापरलेला एपिक त्या कंपनीच्याच बोर्डाशी कायमचा बांधलेला असू शकतो. विक्रेत्याकडून हे लेखी घ्या.

पैसे देण्याआधी दुकानातच दहा मिनिटांची सिनेबेंच आणि मेमरीची तपासणी करून घ्या. चार काड्या योग्य खाचांत असूनही तीनच दिसत असतील तर काड्या अदलाबदल करून पाहा. तरीही तोच खाचा मेला असेल तर प्रोसेसर उचलून सॉकेटमध्ये टॉर्च मारा. अशा सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, आणि एक पिन जरी वाकली तरी पुष्कळदा मशीन व्यवस्थित सुरू होते, फक्त मेमरीचा एक चॅनेल गायब असतो. बोर्ड घरी नेण्याआधी सॉकेटचा जवळून एक स्पष्ट फोटो दुकानदारासमोरच काढा.